पहिली ते दहावी टाकलं, तरी कविता सापडेना!

मंडळी, सकाळचा धक्का अजून ओसरलेला नाही.

सहा वर्षं मी वह्यांत उतरवलेल्या शाळेतल्या जुन्या कविता, पानांच्या फोटोंसकट, संगणकात भरतोय. आज पंचवटीतल्या आमच्या वाचनालयात त्याचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. समोरच्या एका आजींनी हव्या असलेल्या कवितेचे पहिले तीन शब्द सांगितले. मी टाकले. पडद्यावर चक्र फिरतच राहिलं!

"सर, तुमच्या वह्याच बऱ्या होत्या," वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले. सहा वर्षं पाण्यात?

हा प्रोग्रॅम माझ्या सुनेने, मृणालने केलाय. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलंत तसाच इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, लावलाय. आधी इयत्ता, मग कवी, मग ओळ. इयत्ता न देता नुसती ओळ दिली, की मशीन एकेक पान चाळत बसतं."

मी हुशारी केली. इयत्ता टाकली, पहिली ते दहावी. तरी तेच!

"अहो बाबा, त्यात सगळ्याच कविता आल्या की! मशीन आधी अंदाज घेतं. इंडेक्समुळे काहीच वगळलं जात नसेल, तर मशीन इंडेक्सच्या वाटेलाही जात नाही, पुन्हा एकेक पानच चाळतं."

मी आजींना विचारलं, "कितवीत होती ही कविता?"

"ते कुठलं आठवायला! चाल तेवढी पक्की आहे."

जन्मभर शिकवलं, आणि क्रम लावला तो फक्त मास्तरांच्या सोयीचा! घरी येऊन मृणालने ओळीपासून सुरू होणारा दुसरा इंडेक्स केला. कविता क्षणात आली. आजींना फोनवर वाचून दाखवू लागलो, तर दुसऱ्या कडव्यापासून त्याच म्हणू लागल्या.

खरं सांगा, शाळेतली कविता तुम्हाला आधी कशावरून आठवते?