तेराशे ऐंशीचा खडा

"सर, हा खडा शॉकवेव्हनं फुटायचा नाही."

"मॅडम, तुम्ही फोटो बघा. फोडायचं मी बघतो."

नांदेडच्या आमच्या हॉस्पिटलात नवीन लिथोट्रिप्सी मशीन येऊन तीनच आठवडे झाले होते. बाहेरून शॉकवेव्ह मारायच्या, किडनीतल्या खड्याचा भुगा होतो आणि तो लघवीवाटे निघून जातो. चिरा नाही, टाका नाही. तसा मोठा बोर्ड रस्त्यावर लागला होता. बोर्ड लागल्यापासून आमच्या युरोलॉजिस्ट सरांना सगळेच खडे फुटण्याजोगे दिसत होते. मी रेडिओलॉजिस्ट. मला फक्त सीटी स्कॅन दिसत होता.

पेशंट लोह्याकडच्या चंद्रकलाबाई. वय पन्नाशीचं. डावी किडनी जुन्या खड्यानं कधीच निकामी झालेली. सगळा भार उजवीवर, आणि उजवीत हा सव्वा सेंटिमीटरचा खडा. सीटीत खड्याचा घट्टपणा आकड्यात मोजता येतो. पाणी म्हणजे शून्य. खडा हजाराच्या वर गेला की शॉकवेव्हनं फुटायची आशा कमी. हा तेराशे ऐंशी होता. अर्धवट फुटून तुकडा मूत्रनळीत अडकला, तर बाईंकडे कामाला दुसरी किडनी नव्हती.

हे सगळं मी रिपोर्टात लिहिलं. चौथ्या ओळीत, इंग्रजीत.

रिपोर्ट न्यायला बाई स्वतः आल्या.

"मॅडम, फोटूत समदं दिसतंय म्हणं. फुटंल का न्हाई, तेवढं सांगा. घरी हळद शिजवायला काढलीय, अ‍ॅडमिट व्हायला जमत न्हाई मला."

उत्तर तोंडाशी आलं होतं. पण उपचाराचं बोलायचं ते सरांनी, असा आमच्याकडे शिष्टाचार.

"सर सांगतील," मी म्हणाले.

"सर तर फुटंल म्हणून राहिले."

"मग ठीक आहे."

हे 'ठीक आहे' मला अजून बोचतं.

शॉकवेव्हचं सिटिंग झालं. "मस्त झालं," असं सरांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दीर बाईंना धरून घेऊन आला. त्या कमरेत वाकल्या होत्या. आदल्या दुपारपासून लघवीचा थेंब नव्हता. मी सोनोग्राफीला घेतलं. किडनी फुगलेली. मूळ खडा जागच्या जागी, आणि त्याचा एक टवका नळीच्या तोंडाशी अडकलेला.

सर माझ्या मागेच उभे होते. "किती फुटला?"

"टवका उडालाय, सर."

अर्ध्या तासात सरांनी स्टेंट, म्हणजे मूत्रनळीत बारीक नळी, टाकला. लघवी मोकळी झाल्याशिवाय ते खाली बसले नाहीत, हेही सांगायला हवं. दोन आठवड्यांनी दुर्बिणीतून लेसरनं त्यांनीच खडा साफ केला. किडनी वाचली. घरची हळद जावांनी शिजवली.

घरी जाताना बाई माझ्याकडे आल्या.

"मॅडम, तुमाला ठाव व्हतं का?"

"हाव," मी म्हणाले. मीही इथलीच.

"मंग बोलल्या का न्हाई?"

"रिपोर्टात लिहिलं होतं."

"मला विंग्रजी येत न्हाई. सरांना तर येतंय न्हवं?"

सरांना मात्र हे कुणी विचारलं नाही.

नंतर सरांची ऑर्डर निघाली: घट्टपणाचा आकडा रिपोर्टात सगळ्यात वर, ठळक अक्षरात. आता ओपीडीच्या बाकावर नातेवाईक एकमेकांना विचारतात, "आमचा नऊशे हाय, तुमचा?" ज्याचा आकडा मोठा, त्याला बाकावर मान जास्त.

मीही विचारल्याशिवाय सांगायला लागले. गेल्या महिन्यात सातशेचा एक खडा आला. "बहुतेक फुटेल, पण हा माझा अंदाज आहे, चुकूही शकतो," असं मी त्या हिमायतनगरच्या गुरुजींना समोर बसवून सांगितलं. दोन सिटिंग झाली, खडा हलला नाही. अंदाज चुकलेला चालतो, गिळलेला चालत नाही, एवढं मी या धंद्यात शिकले.

गुरुजी माझ्यावर चिडले नाहीत. सर चिडले. "मॅडम, तुम्ही फोटो बघा. पेशंटशी मी बोलतो."