स्टेशनवरच्या सँडविचमध्ये काय होतं

नवऱ्याच्या ऑफिसातल्या दिवाळीच्या लकी ड्रॉमध्ये आम्हाला ग्रिलर लागला. वर-खाली खाचा असलेल्या दोन जड पट्ट्या, मध्ये सँडविच ठेवायचं आणि झाकण मिटायचं. खोक्यावर ‘पनीनी’ असं लिहिलेलं आणि एका सोनेरी, जाड पावाचा फोटो, ज्यातून चीज तारेसारखं लोंबतंय. वर्षभर तो आमच्या कळव्याच्या घरात कपाटावर पडून होता. मुलगी शिकायला पुण्याला गेली, शनिवारची दुपार रिकामी झाली, तेव्हा मी तो खाली काढला.

माझं पहिलं पनीनी म्हणजे पापड झालेलं. स्लाइस ब्रेड घेतला होता, झाकणावर सगळा जोर देऊन दाबला. बाहेर काळे पट्टे, आत चीज थंडगार. दुसऱ्यांदा लादी पाव घेतला, त्याची पोळी झाली. तिसऱ्यांदा टोमॅटोचं पाणी सुटून सगळा लगदा. मी शाळेत विज्ञान शिकवते. एखादी गोष्ट नीट होत नसेल तर ती का होत नाही हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. पण इथे माझी अडचण वेगळीच होती. नीट झालं म्हणजे कसं लागतं, हेच मला माहीत नव्हतं. घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये खाल्लं होतं एकदा, पण त्यात शेजवान सॉस होता. ते काही इटलीचं नसणार, एवढं मलाही कळत होतं.

स्टाफरूममध्ये मी हे बोलत होते, तेव्हा आमची भूगोलाची बाई, माझी मैत्रीण, हसायला लागली. ती ठाण्याच्या जुन्या ख्रिश्चन गावातली. घोडबंदर रोडच्या आत, टॉवरांच्या मागे अजून तीस-चाळीस कौलारू घरं उरलीत, तिथली.

“अगं, माझी आत्या आलीय ना घरी,” ती म्हणाली. “सिस्टर आहे ती, नन. इटलीत असते, चौतीस वर्षं झाली. दोन महिने सुट्टीवर आलीय. तिलाच विचार की.”

रविवारी त्यांचा चर्चमधला मिस्सा आटोपल्यावर मी गेले. ग्रिलर कापडी पिशवीत घालून, मांडीवर घेऊन, रिक्षाने. सिस्टर ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. सत्तरीच्या, लहानखुऱ्या, राखाडी झगा आणि पायात रबरी चपला. मनगटावर आणि हातांवर भाजल्याच्या जुन्या पांढऱ्या खुणा. मला वाटलं होतं, इतकी वर्षं परदेशात राहिलेली बाई, बोलेल तर इंग्रजीत नाही तर अडखळत. त्या बोलल्या ते त्यांच्या गावच्या बोलीत, आणि तीसुद्धा इतकी ठेवणीतली की त्यांच्या भाचीला मध्ये मध्ये अर्थ विचारावा लागत होता. चौतीस वर्षांपूर्वी गाव जसं बोलायचं, तसं त्या घेऊन गेल्या आणि तसंच परत घेऊन आल्या.

मी पिशवीतून ग्रिलर काढला आणि विचारलं, “सिस्टर, तिकडे पनीनी कसं करतात?”

“मना काय ठाव गो?” त्या म्हणाल्या. “मी तिथं धोबीण. म्हाताऱ्या माणसांचं घर आहे आमचं. चादरी, उशांच्या खोळी, सगळी इस्त्री माझ्याकडं. जेवायला सूप. पाव असतो, पण तो सूपात बुडवायला.”

माझा चेहरा पडला असणार, कारण मग त्या म्हणाल्या, “एकदा खाल्लंय. एकदाच.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या तिकडे जाऊन चार वर्षं झाली होती. एका संध्याकाळी कॉन्व्हेंटमध्ये फोन आला की इथे त्यांची आई गेली. दुसऱ्या दिवशी माती देणार होते, त्यांचं पोचणं शक्य नव्हतं. त्याच दुसऱ्या दिवशी त्यांची बदली दुसऱ्या गावच्या कॉन्व्हेंटमध्ये ठरलेली होती. तीही टळली नाही. एक वयस्कर इटालियन सिस्टर त्यांना सोडायला निघाली. मधल्या एका मोठ्या स्टेशनवर गाडी बदलायची होती. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. त्या सिस्टरने स्टॉलवरून कागदात गुंडाळलेलं गरम सँडविच आणलं आणि त्यांच्या हातात दिलं.

“मी घास घेतला तर जीभ भाजली,” सिस्टर म्हणाल्या. “आणि मना रडू आलं. तोवर आलं नव्हतं. फलाटावरच्या लोकांना वाटलं, जीभ भाजली म्हणून रडते. ती सिस्टर पाणी आणायला पळाली.”

भाचीनेही हे कधी ऐकलं नव्हतं. आणि तेव्हा मी जे विचारलं त्याची मला आजही थोडी लाज वाटते, पण विचारलं खरं: “आत काय होतं?”

मैत्रिणीने माझ्याकडे रागाने पाहिलं. सिस्टरना मात्र काही वाटलं नाही. त्यांनी वालाची शेंग हातात तशीच धरून आठवायचा प्रयत्न केला. “पांढरं. ताणायचं ते. आणि कायतरी हिरवं. कडू होतं गो. कडू आणि तिखट, दोन्ही.”

मी म्हटलं, करून बघू. त्या दिवशी पालक होता त्यांच्या घरात, तोच घालून तिथेच पहिलं सँडविच केलं. गावच्या बेकरीतला कडक पाव आडवा चिरला, मी बरोबर नेलेलं, पिझ्झावर घालतात ते चीज लावलं आणि झाकण सवयीने दोन्ही हातांनी दाबायला लागले.

“दाबू नको,” सिस्टर म्हणाल्या. “झाकण आपल्या वजनानं बसू दे. ओल्या चादरीवर इस्त्री दाबली तर काय होतं? वरून करपते, आत ओलीच. वाफेला जायला वाट ठेव.”

त्यांनी बटण मंद केलं, पावाला बाहेरून हाताने तेल पुसलं आणि कान झाकणाजवळ नेला. चरचर मोठी होती ती हळूहळू बारीक झाली. “आता काढ,” त्या म्हणाल्या. पाव बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि चीज खोक्यावरच्या फोटोसारखं ताणलं गेलं. महिनाभर जे मला जमलं नव्हतं ते इटलीतल्या कुठल्या स्वयंपाक्याने नाही, तिथल्या धोबिणीने जमवलं.

त्यांनी एक घास खाल्ला आणि मान हलवली. “बरं आहे. पण ते नाय.”

झालं, मला छंदच लागला. पुढच्या रविवारी मी मेथी नेली. कोवळी, तेलावर परतलेली. सिस्टरनी डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाल्या, “ही आईची भाजी. हे तिथलं नाय.” मग दुसरा तुकडाही खाल्ला.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं चाळताना मला सापडलं की इटलीत जो तिखटसर पाला सँडविचमध्ये घालतात तो मोहरी-मुळ्याच्या कुळातला. मी दुसऱ्या दिवशी कळव्याच्या भाजीवालीकडे गेले आणि म्हटलं, मुळ्याचा कोवळा पाला दे, मुळा नको.

“नुसता पाला?” ती म्हणाली. “ससा पाळलाय का, ताई?”

“सिस्टर आहेत एक. इटलीहून आल्यात.”

“मग त्यांना काही चांगलं द्या की!” असं म्हणत तिने जुडीभर पाला फुकटच दिला.

तो पाला कच्चाच घातला, मीठ आणि लिंबू लावून. सिस्टरनी घास घेतला आणि एकदम ताठ बसल्या. “जवळ आलीस,” त्या म्हणाल्या. “जवळ आलीस गो.” मैत्रिणीने आणि मी लहान मुलींसारख्या टाळ्या वाजवायच्याच तेवढ्या बाकी राहिल्या. त्या दिवशी त्या स्टेशनबद्दल आणखी बोलल्या. त्यांना सोडायला आलेली ती सिस्टर कशी जाडी होती, पळताना तिची चप्पल कशी सुटली, पाणी आणलं ते कागदाच्या पेल्यात आणि त्यातलं अर्धं सांडलेलं. हसल्या सांगताना.

त्यांच्या जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी पुस्तकातला तो खरा इटालियन पाला शोधून काढला. मॉलमधल्या महागड्या भाज्यांच्या फ्रीजमध्ये, प्लॅस्टिकच्या डबीत, लेबलसकट. मनात म्हटलं, आता कळेलच. सगळं अगदी तसंच केलं, मंद आच, तेल पुसलेला कडक पाव, दाब न देता. ताटलीत दोन तुकडे ठेवले आणि सिस्टरच्या तोंडाकडे बघत बसले.

त्यांनी सावकाश चावलं. पुन्हा एक घास घेतला. मग ताटली खाली ठेवली.

“कसं आहे?”

“ठाव नाय.”

“म्हणजे ते नाही?”

“तसं नाय गो,” त्या म्हणाल्या. “मना आता तिथली चव आठवतच नाय. आठवायला गेले की मुळ्याचा पाला येतो. तुझा. त्याच्यामागचं काय दिसतच नाय.”

तीस वर्षं एका बाईने एक घास जपून ठेवलेला, आणि मी चार रविवारांत त्यावर पालक, मेथी आणि मुळा सारवून तो पुसून टाकला. का, तर मला उत्सुकता. मी म्हटलं, “सिस्टर, माझं चुकलं. मी उगाच खोदत बसले.”

मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी ताटलीतला उरलेला तुकडा उचलून माझ्या हातात दिला.

“मी तिकडं कोणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशी काय झालं ते. कोणी विचारलंच नाय,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनी विचारलं, आई कशी गेली. तू पहिली, जिनं विचारलं, आत काय होतं.” आणि लगेच, “खा. गार झालं की चामडं होतं.”

मी खाल्लं. चांगलं होतं. मग मैत्रीण म्हणाली, तिला या कडू पाल्याचा कंटाळा आलाय, तिला हिरवी चटणी आणि बटाटा पाहिजे. तसंही केलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त तेच संपलं. सिस्टरनी तीन खाल्ली.

त्या गेल्या. दीड महिन्याने मैत्रिणीच्या फोनवर त्यांचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघींनी डोकं जोडून ऐकला. त्यांच्या घरात ग्रिलर नाही. म्हणून त्यांनी तव्यावर पाव ठेवून वर इस्त्री ठेवली, फॉइल लावून. स्वयंपाकघरातली सिस्टर ओरडली, पण नंतर तिनेच बागेतून एक कडू पाला आणून दिला, चिकोरिया म्हणतात तो. “तोच होता का, देवाला ठाव,” सिस्टर म्हणत होत्या. “पण म्हाताऱ्यांना आवडलं. दात नायत त्यांना, कडा कडक लागल्या. मग कडा सूपात बुडवल्या.”

चिकोरिया म्हणजे काय ते मी त्याच दिवशी पाहिलं. आपल्या कॉफीच्या डब्यावर बारीक अक्षरात चिकोरी लिहिलेलं असतं ना, त्याच जातीचं झाड. मूळ कॉफीत जातं, पाला पावात. मी दहावीच्या वर्गात हे सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, “मॅम, म्हणजे आपण ते रोज पितो आणि आपल्याला माहीतच नाही?”

“नाही ना,” मी म्हटलं. “मलाही नव्हतं माहीत.”