ज्याच्या खांद्यावर टॉवेल, त्याने बोलायचं

आमच्या विद्यापीठात 'सुसंवाद आणि वादनिवारण' या विषयावर शनिवारी एका दिवसाचं प्रशिक्षण ठरल्याचं कळलं, तेव्हा मी आधी हसून घेतलं. सोलापूरच्या माणसाला बोलायला शिकवायचं म्हणजे काय? इथं रिक्षावाला भाडं सांगायच्या आधी घरची खुशाली विचारतो. आणि माझा आवाज तर असा, की ग्रंथालयातली 'शांतता राखा' ही पाटी नेमकी माझ्या टेबलामागे लावली आहे. ती मुद्दाम तिथं लावली असावी, असा मला दाट संशय आहे.

हसू फार टिकलं नाही. प्रशिक्षण संपलं की सोमवारी आमची अक्का काउंटर सोडून पलीकडच्या इमारतीत, मासिकांच्या विभागात जाणार होती. कायमची. तिनेच ग्रंथपाल साहेबांकडे तसा हट्ट धरला होता. साहेब म्हणाले होते, "ट्रेनिंग तर होऊ द्या. सोमवारी काय ते सांगा."

अक्का म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीतली बाई. अक्कलकोटकडची. घरी कानडी, ऑफिसात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. माझ्याहून थोडी मोठी म्हणून सगळे तिला अक्का म्हणतात, मीही म्हणते, पण अगं-तुगं करूनच. नोकरीला लागल्यापासून आम्ही शेजारी बसतो, दुपारी एकमेकींच्या डब्यात हात घालतो आणि रोज कडाकडा भांडतो. त्या भांडणाचं कुणी मनावर घेत नाही. आमच्याकडे आवाज चढला म्हणजे सगळं ठीक चाललंय असं समजायचं. माणूस गप्प झालं की मात्र घाबरायचं.

अक्का गप्प झाली ती कूलरवरून. एप्रिलचं ऊन, परीक्षा तोंडावर, अभ्यासिकेत पोरं घामाने निथळत होती. अक्का चहाला गेली असताना मी शिपाई मामांना सांगून काउंटरकडचा कूलर पोरांकडे वळवून घेतला. अक्काला उकाडा अजिबात सोसत नाही, हे मला ठाऊक होतं. ती परत आली, कूलरची पाठ बघितली आणि म्हणाली, "मला इचारायचं तरी की गं."

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस," मी म्हणाले.

एवढंच. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली. तिची शेंगाचटणी माझ्यापर्यंत येईना. ती येत नाही म्हटल्यावर मला भाकरीच गोड लागेना. आठवड्याने साहेबांकडून कळलं, की तिने बदली मागितली आहे. मलाही राग आला. म्हटलं, एका कूलरपायी एवढं? जायचं तर जा.

प्रशिक्षण द्यायला पुण्याहून एक तरुण बाई आल्या होत्या. आवाज इतका मऊ, की मागच्या रांगेतले लोक पहिल्या तासातच पेंगायला लागले. सुरुवातीला रीतीप्रमाणे त्यांचा सत्कार झाला. आमच्याकडे पाहुण्यांना हार-तुरे नसले तरी चालतात, पण इथल्या मागावर विणलेला टॉवेल आणि नारळ पाहिजेच. माणूस नवा आला तरी टॉवेल, मुलगा पास झाला तरी टॉवेल, नोकरी संपली तरी टॉवेल. बाईंनी तो कौतुकाने घेतला आणि टेबलावर ठेवला.

दुपारी त्यांना एक खेळ घ्यायचा होता. गोल करून बसायचं, हातात चेंडू असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. पण चेंडू राहिला होता सात रस्ता चौकाजवळच्या लॉजवर. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो टॉवेल उचलला. "चेंडूऐवजी हा चालेल. आपल्याला ज्यांचं ऐकायचंय त्यांना हा द्या."

त्यांनी टॉवेल पहिल्यांदा दिला गणिताच्या एका ज्येष्ठ सरांना. सर लगेच उभे राहिले, मान थोडी पुढे केली आणि हात जोडले. शेजारच्याने टॉवेल उलगडून त्यांच्या खांद्यावर घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "या सत्काराला मी पात्र आहे की नाही, मला माहीत नाही," सरांनी सुरुवात केली. मग लहानपणची गरिबी आली, मोहोळची शाळा आली, मास्तरांचे उपकार आले. बाई हळूच म्हणाल्या, "सर, हा सत्कार नाहीये." सर म्हणाले, "असू द्या, असू द्या. मी भरून पावलो."

पुढे तेच. टॉवेल खांद्यावर पडला की माणूस आभार मानायला लागायचा. ज्याच्याशी वर्षभर तंटा चाललाय त्याचेही. बाईंनी दोनदा समजावलं, मग कपाळाला हात लावून त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. मी इतकी हसले की माझी बरगडी दुखायला लागली. पलीकडे अक्काही पदर तोंडाला लावून हसत होती. आमची नजरानजर झाली आणि ती पटकन छताकडे बघायला लागली.

असा फिरत फिरत टॉवेल माझ्याकडे आला. मला आभार मानायचा कंटाळा. म्हटलं, पुढे देऊन मोकळं व्हावं. आणि ज्यांचं ऐकायचंय त्यांना द्या, असं म्हटलं तर मला त्या खोलीत एकाच बाईचं ऐकायचं होतं. मी उठले, सरळ अक्कासमोर गेले, टॉवेल उलगडला आणि सवयीने तिच्या दोन्ही खांद्यांवर घातला. टाळ्या पडल्या. मागून लेखा विभागातल्या कुणीतरी भक्कम आवाजात म्हटलं, "अक्कांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!"

हे वाक्य आमच्याकडे फक्त निरोप समारंभात म्हणतात.

अक्काचा चेहरा उतरला. खांद्यावरच्या टॉवेलकडे बघून ती म्हणाली, "निरोप उरकून घ्यायलीस व्हय गं माझा? सोमवारपतूर बी दम निघंना का तुला?"

"अगं, मी कुठं..."

"सुम्नीर!" म्हणजे कानडीत, गप्प बस. "टॉवेल माझ्या खांद्यावर हाय. तू ऐकायचं."

बाईंना कानडी येत नव्हती, पण त्यांचे डोळे चमकले. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचा नियम पाळत होतं.

मग अक्का सुटली. "पोरांना वारं पायजे म्हणून कूलर फिरवला म्हणं. पोरांचं नाव! हिची मान धरती त्या वाऱ्यानं. रोज मान चोळत बसती, मला दिसत न्हाय व्हय? मान धरती तर तसं सांग की. मी काय कूलर उरावर घेऊन बसले होते? लगीच सरकवला असता. आन् बदली मागितली तर समदे येऊन बोलले. साहेब बोलले, मामा बोलले, पोरं बी बोलली. म्हणली, अक्का, जाऊ नका. हिनं एकदा म्हणलं न्हाय. इतकी वर्सं शेजारी बसले, एकदा तरी म्हणायचं हुतं की."

माझ्या तोंडात उत्तरं गर्दी करून उभी होती. मान धरते हे खरं, पण पोरं भाजत होती हेही खरंच की! आणि जाऊ नकोस असं अक्काला सांगायचं असतं का? तिला ते ठाऊक असणारच, असं मी धरून चालले होते. पण टॉवेल तिच्याकडे होता. उभ्या उभ्या ऐकणं भाग होतं. बोलणं संपलं तरी अक्काने टॉवेल कुणाला दिला नाही. "हिला दिला तर ही सुरू करंल," म्हणाली, आणि घडी करून तो पिशवीत टाकून घेऊन गेली. खेळ तिथंच संपला.

रविवारभर मी मनातल्या मनात भाषण जुळवत होते. मुद्देसूद, तिच्या एकेका वाक्याला चोख उत्तर.

सोमवारी ग्रंथालयात शिरले तर अक्काची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवरची उशी नाही, टेबलावरचा कप नाही. मग दिसली ती, अभ्यासिकेच्या दाराशी. मामांना हाताखाली घेऊन कूलर तिरका करत होती, थोडा पोरांकडे, थोडा काउंटरकडे. उशी आणि कप भरलेली पिशवी तिच्या काखेतच होती. साहेब केबिनच्या दारात उभे राहून विचारत होते, "काय अक्का, काय ठरलं? जायचं की राहायचं?"

साहेबांना उत्तर न देता ती माझ्याकडे आली. पिशवीतून तो टॉवेल काढला आणि माझ्या मानेभोवती नीट गुंडाळला.

"वारं लागायचं न्हाय आता," ती म्हणाली. "आन् टॉवेल तुझ्याकडं हाय. बोल."

पुस्तकं परत करायला आलेली पोरं रांगेत उभी होती. साहेब उभे होते. रविवारचं भाषण आठवायचा मी प्रयत्न केला, पण त्यातलं एक वाक्य सापडेना.

"जाऊ नकोस," मी म्हणाले. माझा मलाच ऐकू आला नाही, इतका बारीक आवाज निघाला.

अक्काने कानामागे हात धरला. "काय? ऐकू न्हाय आलं."

"जाऊ नकोस गं अक्का!"

अख्ख्या अभ्यासिकेने माना वर केल्या. अक्काने पिशवीतून उशी काढली, झटकून आपल्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसत म्हणाली, "हळू की. लायब्ररी हाय ही."