भरीव टायरची गाडी

एका मासिकाला बिनहवेच्या टायरवर दोन रकाने लिहून द्यायचे होते: रोजच्या मोटारीला त्याचे फायदे कोणते, तोटे कोणते. फायद्यांचा रकाना लवकर भरला. पंक्चर नाही, हवा तपासणं नाही, जादा चाक बाळगणं नाही. तोट्यांत खडखडाट, वजन आणि वेगात साठणारी उष्णता लिहिली. आणखी एक तोटा मला ठाऊक होता. तो कोणत्याही माहितीपत्रकात नव्हता.

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. मी अमरावतीला वार्ताहर होतो. दर्यापूरजवळच्या आमच्या गावी आई आणि मोठा भाऊ राहत. आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की हा आजार कित्येक वर्षं आत होता, फक्त दुखला नाही.

भावाकडे एक जुनी मोटार होती. शेताच्या कुंपणासाठी लोक बाभळीच्या फांद्या बैलगाडीने नेत, तेव्हा वाटभर काटे सांडत. एका फेरीत दोनदा पंक्चर झालं. पोचलो तोवर आईचं यंत्र दुसऱ्या रुग्णाला दिलेलं होतं. डायलिसिसच्या पुढच्या पाळीपर्यंत तिचे पाय सुजले आणि तिला आडवं झोपवेना. आणखी एक पाळी चुकली तर जीवाचं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

भाऊ अकोटला गेला. तिथे एक मिस्त्री जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी वाहायच्या ढकलगाड्यांना भरीव रबरी चाकं बसवून देई. त्याने मोटारीच्या चारही टायरांत रबराच्या पट्ट्या ठोकून भरल्या.

"भाऊ, काटा काय, खिळा घुसला तरी फिकीर नाई," तो म्हणाला. "पण चाळीसच्या वर पळवू नका. जिनिंगची गाडी माणसाच्या चालीनं चालते. हे रस्त्यावर किती टिकते, मले मालूम नाई."

"तुमचीच चीज अन् तुमालेच मालूम नाई?"

"माही चीज आंगनात फिरते, भाऊ. तुमी अकोल्याले चालले."

आमच्याकडे गाडी काढण्यापूर्वी चाकांवर लोखंडी पाना मारून आवाज ऐकायची रीत आहे. हवा असली की पाना उसळतो, कमी असली की थप्प वाजतं. भाऊ दर वेळी चारही चाकांवर मारी. नव्या टायरांवरही त्याने मारलं. चारही ठिकाणी एकच आवाज आला, बंद दारावर मूठ आपटल्यासारखा. तो समाधानाने म्हणाला, "चारी सारखे."

गाडी चालू लागली की खालून घुमल्यासारखा आवाज येई. आईला तो दोन माणसं हळू बोलल्यासारखा वाटे. दवाखान्यात यंत्राशेजारी पडल्या पडल्या ती म्हणे, "ते अजून बोलूनच राह्यले."

माझ्या सुटीच्या दिवशी आईची पाळी होती. वैशाखातलं रणरणतं ऊन. रस्त्यावर माणूस नव्हतं. गावाच्या फाट्यापुढच्या मोरीवर घुमणं एकाएकी थांबलं. मी घड्याळ पाहिलं, अकरा वाजून दहा मिनिटं. गाडी मऊ चालू लागली होती.

"पाह्य, बसलं रबर," भाऊ म्हणाला.

आईने पदर तोंडाशी धरला होता. गाडीत जळक्या केसांसारखा बारीक वास होता. उन्हात डांबराला वास येतोच, असं आम्ही धरून चाललो. पाळीच्या आधी पंधरा मिनिटं पोचलो. दवाखान्याच्या आवारात भावाने पुन्हा पाना मारला. चारही सारखे.

संध्याकाळच्या आत परत निघालो. अकोला सुटल्यावर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला एक काळी रेघ दिसू लागली. बोटाएवढी, न तुटणारी. पूर्णेच्या पुलावरून ती सरळ गेली होती. जाताना आम्ही एका म्हशीला टाळलं होतं, तिथे ती तेवढीच वळली होती.

"हे कोनं काढलं?" आईने विचारलं.

"कोन्या ट्रकचं तेल गळलं असन," भाऊ म्हणाला.

तेल नव्हतं. वाऱ्याने रेघेच्या कडा उडत होत्या. जाताना घुमणं थांबलं होतं त्या मोरीवर ती संपली. भावाने गाडी थांबवली. आम्ही उतरून मागचं चाक पाहिलं. बाहेरून टायर शाबूत दिसत होता. मी अंगठा दाबला, तो आत गेला. एका बारीक चिरेतून रबराचा काळा भुगा ओघळून माझ्या चपलेवर पडला. तो गरम होता. भावाने सवयीने पाना मारला. आवाज तोच आला.

त्या चाकावर आम्ही आईला अकोल्याला नेऊन परत आणलं होतं.

आई दार उघडून खाली उतरली आणि मोरीच्या कठड्यावर बसली.

"माय, गाव आलं. हळू नेतो," भाऊ म्हणाला.

"नाई बसत."

"हवेचा टायर असता तं तू आज पोचलीच नसती."

"नसती पोचली," ती म्हणाली. "पन मले समजलं असतं. न सांगता खराब होनारं माह्या आंगात एक हाय, बावा. आनखी एक गाडीत नको."

भावाने गावातून बैलगाडी आणली.

पुढच्या पाळीपर्यंत हवेचे टायर परत आले. डिकीत एकाऐवजी दोन जादा चाकं होती, आणि आम्ही दोन तास आधी निघालो. पूर्णेच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढू लागली. भावाने ती कडेला घेतली. इंजिन बंद झाल्यावर मागच्या चाकातून हवा जाण्याचा फुसफुस आवाज ऐकू आला.

भावाने घड्याळ पाहिलं आणि जॅक काढायला उतरला. आईने काच खाली केली, आवाज थांबेपर्यंत ऐकला, मग डोळे मिटून मान मागे टेकवली.