साहेबांचं मोठं कॅबिनेट

"काउंटरला माझ्याहून भारी कॉम्प्युटर? माने, शाखा कोण चालवतं?" मॅनेजर भोसलेसाहेबांनी विचारलं.

"शाखा तुम्ही चालवता. रांग सुलभाताई चालवतात," मी म्हणालो.

दोन बँकांचं मर्जर नुकतंच झालं होतं आणि मी ग्वाल्हेरच्या शाखांचा सिस्टिम ऑफिसर होतो. दौलतगंज शाखेत काउंटरवरच्या सुलभाताईंना दोन्ही बँकांची सॉफ्टवेअर एकदम उघडी ठेवावी लागत. पासबुक छापता छापता त्यांचं मशीन गोठायचं. रीजनल ऑफिसने कळवलं होतं, पेन्शनच्या दिवशी आमचा माणूस येऊन बसेल. रांग अशीच दिसली तर शाखा सिटी सेंटरच्या शाखेत जोडून टाकू. ताईंची सासू अंथरुणाला खिळलेली. जेवणाच्या सुट्टीत त्या घरी पळत जाऊन तिला भरवून येत. सिटी सेंटरहून ते जमणारं नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या बँकेची दोन मशीनं आमच्या वाट्याला आली. एक गुडघ्याएवढ्या उंच कॅबिनेटचं, पुढे निळा दिवा. आत दोन कोरचा स्वस्त प्रोसेसर. दुसरं जेवणाच्या डब्याएवढं. आत आठ कोर. कोर म्हणजे स्वयंपाकघरातले हात समजा. दोन हातांनी चहा होतो, पंगत उठत नाही. साहेबांचं काम चहाचं, मेल वाचायच्या. ताईंची रोजच पंगत.

हे सगळं मी साहेबांना समजावलं.

"देखो माने, आमचे पणजोबा घोडदळात होते. घोडा हुद्द्याप्रमाणे मिळतो."

"लढाईवर कोण जातंय, तेही बघत असतील ना?"

साहेब हसले नाहीत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. आहे, खोटं सांगून मशीन लावणार नाही. म्हटलं, "ठीक आहे. हुद्द्याप्रमाणेच घ्यायचं तर हे छोटं तुमचं. ताकद यात आहे."

साहेबांनी एकदा डबा बघितला, एकदा मला. "वा, माने. डबा मला चिकटवून मोठं काउंटरला? हमको पागल समझा है?"

"साहेब, खरंच सांगतोय."

"मोठं माझ्या केबिनमध्ये लावा. डबा द्या ताईंना."

मी लावलं.

पेन्शनच्या दिवशी किला गेटपासूनचे म्हातारे आले होते. सुट्टीच्या आधीच रांग संपली. ताई घरी जाऊन, सासूला भरवून, वेळेत परतसुद्धा आल्या. रीजनलचा माणूस केबिनमध्ये रिपोर्ट मागत बसला होता. साहेबांच्या पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. शेवटी त्याने रिपोर्ट ताईंच्या काउंटरवर उघडून बघितला आणि शाखा राहू दे म्हणाला.

तो गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. मी तयारीनेच गेलो.

"माने, याच्याहून मोठं कॅबिनेट मिळेल का?"

तेव्हापासून माझा नियम आहे. मशीन काम बघून द्यावं, आणि खरं काय ते तोंडावर सांगून टाकावं. समोरच्याचा विश्वास बसला नाही, तरी कधी कधी काम होतं.