पत्रकात नसलेला पाचवा प्रश्न

आमच्या स्त्री-आरोग्य संघटनेच्या पत्रकावर चार प्रश्न असत. हे औषध कशासाठी? घेतलं नाही तर काय होईल? दुष्परिणाम काय? याहून साधा उपाय आहे का? आणि खाली जाड अक्षरात: "उत्तर मिळाल्याशिवाय गोळी गिळू नका!" मजकूर माझाच होता. मी सव्वीस वर्षांची होते आणि माझ्याकडे प्रत्येक बाईसाठी सल्ला तयार असे.

बायकांना काही न सांगता हार्मोन टोचणाऱ्या डॉक्टरांवर माझा विशेष राग होता. तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. अडचण एवढीच झाली की पुढे मी स्वतःच हार्मोन मागायला गेले.

पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा धायरीतल्या आमच्या नव्या फ्लॅटजवळच्या एका चकचकीत दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी मान वर न करता प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या लिहिल्या.

"कशासाठी?"

"सपोर्टला."

"कशाच्या?"

"घ्या हो तुम्ही. सगळ्यांनाच देतो."

'सगळ्यांनाच' हा शब्द मला पुरेसा होता. गोळ्या आणल्याच नाहीत. चिठ्ठी मात्र जपून ठेवली, कारण तिची मागची बाजू कोरी होती आणि आमच्यात पाठकोरा कागद फेकणं हे एकमेव पाप मानलं जाई. त्यावर परदेशी औषध कंपन्यांविरुद्धच्या मोर्चाच्या घोषणा लिहिल्या आणि टाइप करायला नवऱ्याकडे दिल्या. तो अमेरिकन गिऱ्हाइकासाठी सॉफ्टवेअर लिहायचा. 'बहुराष्ट्रीय कंपन्यांनो, चालत्या व्हा'च्या शंभर प्रती बहुराष्ट्रीय कंपनीच्याच प्रिंटरवर निघाल्या. छपाई उत्तम होती.

नवव्या आठवड्यात सगळं संपलं.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. सासूबाईंना तेवढं कळवलं होतं, तर त्यांनी वर्ध्याहून फोनवर बजावलं, "कोनाले सांगू नको वं, नजर लागते." मी नजर मानत नव्हते, पण रीत पाळली. मग जे आहे हेच बाकी कुणाला ठाऊक नव्हतं, ते गेलं हे कुणाला सांगणार? चौकात माइक धरून बाईच्या शरीरावर बोलणारी मी, संघटनेत 'ताप आहे' असा निरोप धाडून चार दिवस पडून राहिले. गोळ्या घेतल्या नव्हत्या हे नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्यानेही काही विचारलं नाही.

वर्षाने पुन्हा दिवस राहिले. या वेळी मी त्याच आठवड्यात, नवऱ्याला सोबत घेऊन, शनिवार पेठेतल्या साठीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे धाव घेतली. त्यांच्या भिंतीवर सेलोटेपने चिकटवलेलं होतं आमचंच पत्रक.

"बोला, काय हवंय?"

"हार्मोनची इंजेक्शनं."

"मंडईत आलात का?"

नवरा हसला. मी नाही हसले. "मागचं नवव्या आठवड्यात गेलं. हे जाता कामा नये."

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. "आधी ते वाचा. लिहिणारी आगाऊ दिसते, पण प्रश्न बरे आहेत. विचारा."

"मीच लिहिलंय ते."

"मग पाठ असतील."

विचारले. त्यांनी चारही प्रश्नांची उत्तरं दिली. सुरुवातीला जाणारे बरेचसे गर्भ मुळातच नीट घडलेले नसतात, त्यांना कुठलंही औषध धरून ठेवत नाही. काही जणींना उपयोग होत असावा, पण कुणाला ते आधी सांगता येत नाही. त्रास म्हणाल तर झोप येईल, मळमळेल, टोचलेल्या जागी गाठ होईल. आणि साधा उपाय?

"वाट पाहणं. पण ते तुम्हाला जमेलसं दिसत नाही."

डॉक्टरांनी असं सरळ बोलावं म्हणून मी किती वर्षं घसा फोडला होता. आणि बोलल्या तेव्हा मला हवं होतं एक ठाम, खोटं वाक्य: घ्या, टिकेल.

"मागच्या वेळी काही घेतलं होतंत?"

"लिहून दिलं होतं. घेतलं नाही." नवऱ्याकडे न बघता मी पुढे विचारलं, "घेतलं असतं तर?"

"हा पाचवा झाला. पत्रकात नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला माहीत नाही. माहीत आहे म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका."

इंजेक्शनं मात्र लिहून दिली. दर मंगळवारी एक.

खाली रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "तुला सांगायला हवं होतं मी."

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"अगं, घोषणा टाइप करताना कागद उलटला. वाटलं, मागे अजून असतील. तर मागे गोळ्या लिहिलेल्या. घरात तर एकही दिसली नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"तेव्हा वाटलं, तुला यातलं कळतं. आणि नंतर बोलून काय मिळणार होतं?"

मी चिडले. तिथेच, स्कूटरची किल्ली हातात घेऊन. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघांनी वर्षभर एकच गुपित वेगवेगळं सांभाळलं होतं.

तेलकट इंजेक्शन; दोन दिवस कुल्हा टेकवत नसे. आठव्या आठवड्यात खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये बायकांची सभा होती. मी सगळं उभ्यानेच बोलले. "ताई, बसा की." "नको, असंच बरंय." त्यांना ती माझी निष्ठा वाटली.

शेवटी मागून एक जण उठली. माझ्याच वयाची. "ताई, माझं एकदा गेलंय. आता डॉक्टरांनी हार्मोनची गोळी दिलीय. घेऊ का नको?"

पत्रक माझ्या हातात होतं. वर्षापूर्वी मी एका श्वासात उत्तर दिलं असतं.

"मीही घेतेय," मी म्हटलं. "माझंही एकदा गेलंय. उपयोग होतोय का, माहीत नाही. तू डॉक्टरांना विचार. 'माहीत नाही' म्हणाले तर तेही ऐकून घे. पण घेतलं काय, नाही घेतलं काय, पुढे स्वतःला दोष देत बसू नकोस."

तीन महिने व्हायचे होते आणि मी चाळीस बायकांना सांगून बसले होते. मग पुढच्या रांगेतली एक आजी खेकसली, "अगं मग उभी काय राहिलीस मघापासून! उशी आणा गं कुणीतरी!"

नवव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. राखाडी अंधारात ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं, घाईघाईने.

"इंजेक्शनमुळे?" मी विचारलं. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला होता.

"तुम्हाला बरं वाटत असेल तर तसं म्हणा. छापू मात्र नका." बाईंनी हातमोजे काढले. "मंगळवारी या. या खेपेला डावी बाजू."