कानात कुर्र कुणी केलं?

नाशिकच्या कोर्टाबाहेर टायपिंगला बसणाऱ्या काकांचं नाव मला अजून माहीत नाही. मी महिलांच्या एका संस्थेत काम करते; पोटगीच्या अर्जासाठी बायकांना त्यांच्याकडे नेते. काका दोन बोटांनी टाइप करतात आणि प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणतात. माझी कागदपत्रांची लांबलचक यादी दिसली की हसून विचारतात, "मॅडम, वाणसामान आणायचंय का?"

गेल्या वर्षी दिंडोरीची एक बाई तान्ह्या लेकीला घेऊन आली. "लगीन नाय झालं आमचं. आता तो म्हनतो, पोरगी माझी नाय. दाखल्यावर बापाचं नाव बी नाय."

"लग्न नसलं तरी पोरीचा हक्क बुडत नाही. बाप कोण, ते दाखवायचं," काका म्हणाले. "बारशाला हिच्या कानात कुर्र कुणी केलं?"

"त्याच्याच बहिनीनं. व्हिडिओ हाय."

"आत्या मान्य आणि बाप अमान्य?" काकांनी हीसुद्धा ओळ टाइप केली. मी ती खोडायला लावली.

व्हिडिओत तो स्वतः पेढे वाटत होता. तारखेला त्याने लेक कबूल केली.

माझ्या यादीत आता 'बारशाचा व्हिडिओ' आहे. ती नवी यादी काकांनी प्रथमच न हसता टाइप करून दिली.